पन्नास मीटरची जाळरेषा

मामाजींनी ऐनाचं एक वाळकं पान उचललं, मुठीत दाबलं आणि मूठ माझ्या तोंडासमोर उघडली. पानाचा पार भुगा झाला होता.

"पाहून घे," ते म्हणाले. "आज नाही जाळायचं."

"आठच तर वाजले, मामाजी. गाडी येतेच आहे."

"गाडी येऊ दे, नाहीतर विमान येऊ दे. पान काय सांगते ते पाह्य."

मी पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. गावांच्या जंगलाचा अहवाल सरकारला देणाऱ्या रेगे मॅडम नागपूरहून येणार होत्या. सात वाजता पोचतो म्हणाल्या होत्या, आणि आठ वाजले तरी डांबरी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मागे गावची बारा माणसं हिरव्या फांद्या आणि पाण्याचे डबे घेऊन उकिडवी बसली होती. त्यांच्या विड्या ओढून संपल्या होत्या.

मामाजी म्हणजे माझे सासरे, दसरू हलामी. नवरा साप चावून गेला तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले. मामाजी त्यांना म्हणाले, "पोरगी राहते म्हणत असेल तर राहील, जाते म्हणत असेल तर मी स्वतः पोचवून देईन." मी राहिले. दहावी शिकलेली सून घरात आहे म्हटल्यावर त्यांनी मला ग्रामसभेत नेऊन बसवलं. आधी वही लिहायला, मग बोलायला. गावाला चारशे बारा हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि ते सांभाळायला समिती करायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष म्हणून माझं नाव पुकारणारेही तेच. कोणी कुरकुरलं असेल तर मामाजींच्या तोंडाकडे पाहून गप्प बसलं.

गावात आगीतलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. जाळरेषा म्हणजे काय, ते सांगते. उन्हाळ्यात वणवा लागला तर तो एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हिवाळा सरता सरता जंगलात सहा-सात मीटर रुंदीचा पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा. आधी पट्ट्याच्या दोन्ही कडा झाडून लख्ख करायच्या. मग सकाळी सकाळी, पाला दहिवराने ओलसर असतो तेव्हा, काडी लावायची. ओलसर पाला धुमसत जळतो, ज्वाळा गुडघ्याच्या वर येत नाही, माणूस फांदीने झोडपत तिच्या बाजूने आरामात चालू शकतो. मामाजी तिला थंडी आग म्हणत. ऊन वर आलं की काडी खिशात. हा त्यांचा कायदा होता आणि तो मोडल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

पण त्या साली हिवाळा आलाच नाही. पौषात लोक अंगणात उघड्यावर झोपले. ऐन-धावड्याची पानं महिनाभर आधी गळून गेली आणि दहिवर नावालाच. मामाजी रोज सकाळी अनवाणी पायाने गवत तुडवून येत आणि चुलीपाशी बसून म्हणत, "कोरडंच आहे." संक्रांतीच्या आठवड्यात त्यांनी विषय काढला. अधूनमधून थोडंफार दहिवर पडतं आहे तेवढ्यात जाळरेषा उरकून घेऊ, पुढे मिळणार नाही.

"आपल्या जंगलाच्या आराखड्यात फेब्रुवारीच्या एक ते वीस लिहिलं आहे," मी म्हटलं.

"कोणी लिहिलं?"

"मीच लिहिलं. तुम्हीच तर सांगितलं होतं, माघात जाळतात म्हणून."

"मी आपल्या वेळचा माघ सांगितला. तो माघ आता राहिला कुठे?"

खरं कारण आराखडा नव्हताच. रेगे मॅडमना आमची जाळरेषा पेटताना पाहायची होती. शेजारच्या तीन गावांचे आराखडे वर सरकारात मंजुरीला अडकून पडले होते. या लोकांना जंगल सांभाळता येईल का, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मॅडमच्या अहवालातून जायचं होतं. आमचं गाव हेच त्यांचं उदाहरण. आमच्या समितीच्या कामाचीही पाच वर्षं त्याच उन्हाळ्यात तपासली जायची होती. म्हणून मी थांबले. मॅडम अठ्ठावीस जानेवारीला येणार होत्या, त्याचं सहा फेब्रुवारी झालं, सहाचं एकोणीस झालं. दर वेळी मी मामाजींना सांगायची, आठच दिवस. आणि खोटं काहून बोलू, मला मिरवायचंही होतं. विधवा बाई, आदिवासी, दहावी पास, आणि हिच्या गावचं जंगल पाहायला नागपूरहून गाडी येते. ते मला हवं होतं.

गाडी साडेदहाला आली. वाटेत टायर फुटला होता. मॅडम खाली उतरल्या त्या हात जोडूनच. वयाने माझ्या आईएवढ्या, पायात कापडी बूट, फार साध्या बाई. मला त्यांचा राग कधीच आला नाही, आजही येत नाही.

"उशीर झाला ना? जाळून झालं का?"

"तुमच्यासाठीच थांबलो," मी म्हटलं.

मामाजी पुढे आले. "बाईसाहेब, आता होणार नाही. ऊन चढलं. उद्या सकाळी सहाला या, सगळी रेषा दाखवतो."

मॅडमना संध्याकाळी परत निघायचंच होतं. त्या म्हणाल्या, "नसेल जमत तर राहू द्या. मी सगळं विचारून घेते, तेवढ्यावर लिहीन."

बाईने मला सुटायला वाट दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. मी त्या बारा माणसांकडे पाहिलं. सकाळी पाचपासून बसलेली. मी मॅडमच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"नाही नाही, मॅडम. एवढ्या लांबून आलात. पन्नास मीटर जाळून दाखवतो. पन्नास मीटरला काय होते?"

मामाजींनी मला चार पावलं बाजूला नेलं. आवाज चढवला नाही. माझ्यावर त्यांनी कधीच आवाज चढवला नव्हता.

"शामकला, हे तू सांगून राहिली का ग्रामसभा सांगून राहिली?"

मी चिडले. सगळ्यांसमोर बाजूला नेलं म्हणून चिडले. मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी सांगते म्हणजे ग्रामसभाच सांगते, मामाजी."

त्यांनी खिशातली माचिस काढून हलवून पाहिली. मग म्हणाले, "ठीक आहे." चपला काढून बाजूला ठेवल्या, वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. काडी लावण्याआधी ते नेहमीच असं करत. मग सगळ्यांना जागा नेमून दिल्या, दोन डबे जास्तीचे भरून आणायला लावले, आणि काडी ओढली.

पहिली दहा मिनिटं सगळं व्यवस्थित झालं. पाला पेटला, ज्वाळा कमरेपर्यंत आली पण कडेच्या आत राहिली. मॅडम फोटो काढत होत्या. मी त्यांना समजावून सांगत होते, कडा किती रुंद, पाला किती, कोणी कुठे उभं राहायचं. तीस-पस्तीस मीटर जळून झाले असतील. तेवढ्यात पश्चिमेकडून वावटळ आली. मोठी नव्हती. उन्हाळ्यात वाळकी पानं गरगर फिरवत जाते ना, तेवढीच. फक्त ही पानं पेटलेली होती. ती रेषेवरून उचलली गेली आणि तीस पावलांवर बांबूच्या बेटात जाऊन पडली.

तो बांबू आम्ही चार वर्षं कापला नव्हता. ठराव करून राखलेला, विश्रांतीला सोडलेला तुकडा. खाली मांडीएवढा पाला. बांबू पेटला की त्याची पेरं फुटतात आणि बंदुकीसारखा आवाज होतो. पहिला बार झाला तेव्हा सगळे ओरडले. नंतर कोणी ओरडलं नाही, कारण बार मोजता येईनात.

मामाजींना ओरडून बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "तुळशीराम, सगळ्यांना रस्त्यावर घे. त्या बाईला गाडीत बसव. कोणी आत यायचं नाही."

तुळशीराम कोरेटी समितीचा सचिव. त्याने माणसं मागे ओढली. मी तिथेच उभी होते. मामाजी माझ्याकडे आले आणि हात पुढे केला.

"माचिस दे. माझी संपली."

माझ्या पिशवीत होती. मी दिली. ते काय करणार ते मला कळलं होतं. वारा आग पूर्वेला ढकलत होता. पूर्वेला नाला, आणि नाल्याच्या पलीकडे उरलेलं सगळं जंगल, मोहाची जुनी झाडं. नाला कोरडा होता, आग तो ओलांडून जाणारच होती. ती पोचायच्या आधी नाल्याच्या काठाने समोरून दुसरी आग लावायची. ती पहिलीकडे सरकत येते, मधला सगळा पाला खाऊन टाकते, आणि दोन्ही भेटल्या की जळायला काही उरत नाही. आग आगीला खाते, असं जुनी माणसं म्हणतात. हे काम करायला माणसाला दोन आगींच्या मध्ये उतरावं लागतं.

"मामाजी, मी येते."

"तू काय येते," ते म्हणाले, आणि धावले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, अनवाणी.

दीड तासाने धुराचा रंग बदलला. काळा होता तो पांढरा झाला. तुळशीराम म्हणाला, "भेटल्या." तीनच्या सुमारास आम्हाला आत जाता आलं. साठ हेक्टर जळालं होतं, नाल्यापर्यंत. नाल्याच्या पलीकडे एक पानही जळालं नव्हतं. मामाजी नाल्याच्या रेतीत पालथे पडले होते, तोंडाला धोतराचं टोक गुंडाळलेलं. अंगावर भाजल्याची खूण फारशी नव्हती. धुराने गेले.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई मंगरीबाई, रस्त्यावर आल्या होत्या. त्यांनी मामाजींच्या केसांतली राख हाताने झटकली. रडल्या नाहीत. काय झालं ते तोवर गावातल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं, त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी मामाजींना पुरून आलो आणि समाजमंदिरात पंचनामा झाला. वनखात्याचे क्षेत्रसहायक बोरकुटे साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. मामाजींना काका म्हणायचा. कागद पुढे घेतला, टोपण काढलं, आणि लिहायच्या आधीच बोलला.

"हे बघा, मला कारण लिहावं लागेल. समितीच्या हुकमाने भर दुपारी आग लावली असं असेल, तर मी तसं लिहीन. मग वरून विचारतील, की जंगल यांच्या हातात ठेवायचं कशाला. मी काही करू शकणार नाही. आणि नुसतं तुमच्याच गावाचं नाही, त्या बाकीच्या तीन गावांचंही संपलं समजा."

सत्तर-ऐंशी माणसं होती. रेगे मॅडम आदल्या संध्याकाळी निघून गेल्या होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.

"का आणखी काही झालं?" साहेबांनी विचारलं.

तुळशीराम म्हणाला, "साहेब, म्हातारा..." आणि थांबला. माझ्याकडे पाहायला लागला. सगळेच माझ्याकडे पाहायला लागले.

मला वाटलं होतं, खरं सांगायला मी उभी राहीन. रात्रभर तेच ठरवत होते. पण उभी राहिले तेव्हा मला त्या तीन गावांची माणसं दिसायला लागली, आमच्याकडे सायकलीने येऊन आराखडा कसा लिहायचा ते विचारणारी. आणि हेही सांगते, मला माझी खुर्चीही दिसत होती. दोन्हींत कोणतं मोठं होतं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

"मामाजींनी लावली," मी म्हटलं. "कोणाला न विचारता लावली. समितीने नाही म्हटलं होतं."

काडी त्यांच्याच हातात होती. तेवढं तरी खोटं नव्हतं, असं मी नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत असे.

साहेबांनी लिहिलं. मग आत्यांकडे वळले. "बाई, तुम्ही घरच्या. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात एखादी वस्तू घ्यावी की नाही असं बाई उलटून पालटून पाहते, तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हातारा हट्टी होता. कोणाचं ऐकत नव्हता." आणि अंगठा पुढे केला. शाई लावायला मीच त्यांचा हात धरला.

"तुमच्या नियमात आग लावणाऱ्याला दंड काय?" साहेबांनी विचारलं.

तुळशीरामने ठरावाची वही उघडली आणि वाचलं. अक्षर माझंच होतं. आग लावणाऱ्याच्या घरचं कोणीही तीन वर्षं जंगलात पाय ठेवणार नाही.

"मग तो लागला म्हणून लिहा. कागदावर दिसला पाहिजे."

लिहिलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

गावाला वाटलं, हे कागदापुरतं आहे. महिन्याभरात मोह फुलला. नाल्याच्या पलीकडची सगळी झाडं पिवळी झाली होती. शेजारणी टोपल्या घेऊन दारात आल्या. "चला मोह वेचायला, मंगरीबाई." आत्या ओसरीत बसून होत्या. म्हणाल्या, "आम्हाला दंड आहे."

शेजारणी हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाही, आणि त्या खाली मान घालून निघून गेल्या.

लहानपणापासून एकही मोसम न चुकवलेली ती बाई. कोणतं झाड कोणत्या दिवशी जास्त गाळते हे तोंडपाठ. त्या मोसमात रोज सकाळी ओसरीत बसून राहायची. सरपण मी विकत आणायची. कुड्याची फुलं, तेंदू, रानभाजी, सगळं बंद. मीही आत जात नव्हते. समितीची कामं हद्दीवर उभी राहून सांगायची. एकदा मी म्हटलं, "आत्या, कोणी काही म्हणणार नाही. सगळ्यांना खरं माहीत आहे."

"साहेबाला माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

मी हातातली टोपली परत खुंटीला टांगली.

आमची पाच वर्षांची तपासणी झाली. शेऱ्यात लिहून आलं की, नियम मोडणाऱ्यावर, तो अध्यक्षांच्या घरचा असूनही, ग्रामसभेने कारवाई केली, हे अनुकरणीय आहे. जंगल राहिलं. पुढच्या वर्षी त्या तीन गावांचे आराखडेही मंजूर झाले. तिथली माणसं पेढे घेऊन आली. आत्यांनी पेढा घेतला, खाल्ला. जाळरेषेला आता तारीख नसते. मामाजींसारखं पान मुठीत दाबून पाहतात आणि मग ठरवतात. साल बघता डिसेंबरातसुद्धा जाळावं लागलं आहे.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आत्यांना ताप आला आणि उतरेना. दवाखान्यात नेलं, परत आणलं. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं.

"मला आत नेऊ नको," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गावाच्या बाजूने नाला हीच जंगलाची हद्द आहे, आणि आमची पुरायची जागा त्याच्या पलीकडे, हद्दीच्या आत. मामाजी तिथे होते. त्यांच्या बाजूची जागा आत्यांसाठी सोडलेली होती.

"आत्या, असं नका ना बोलू. मेलेल्या माणसाला कसला दंड?"

"तीन वर्षं झाली का?"

"अकरा महिने राहिले."

"मग?"

मला राग आला. त्यांचा आला, माझा आला. मी रडायला लागले. म्हटलं, "मी जाते साहेबाकडे. उद्याच जाते. सगळं खरं सांगून टाकते. गेलं जंगल तर जाऊ दे."

त्यांनी माझं मनगट धरलं. ताप असूनही पकड घट्ट होती. "म्हाताऱ्याचं नाव तू त्या कागदात घातलं," त्या म्हणाल्या. "त्याने जंगल वाचवलं आणि तू त्याच्या नावाने पुन्हा वाचवलं. आता तो कागद तरी खोटा पडू देऊ नको. नाहीतर तो फुकट मेला."

पहाटे त्या गेल्या.

सगळं गाव आलं. खांद्यावरून घेऊन निघाले आणि नाल्याच्या अलीकडे, हद्दीचा दगड आहे तिथे, थांबले. पलीकडे मामाजींचा दगड दिसत होता, फार लांब नव्हता. तुळशीराम माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "अध्यक्ष, आम्ही सगळे एकमताने सांगतो, पलीकडे नेऊ. एक शब्द कोणी बाहेर बोलणार नाही. तू फक्त हो म्हण."

ते सगळे माझ्याकडे पाहत होते, त्या दिवशीसारखेच.

"दंडाचे अकरा महिने बाकी आहेत," मी म्हटलं.

मग दोघांनी कुदळी उचलल्या आणि दगडाच्या अलीकडे खणायला घेतलं.